बीजगणिताच्या फोम टाइल्स: ३४० रुपयांचा संच आणि पाच दाण्यांची पट्टी

सातवी-आठवीच्या मुलांना बैजिक राशी हाताळून कळाव्यात म्हणून मिळतात त्या फोमच्या टाइल्सचा हा रिव्ह्यू. ऑनलाइन मागवल्या, ३४० रुपयांना एक संच, असे दोन घेतले. शाळेचं एक वर्ष वापरून झाल्यावर लिहिते आहे, कारण मी घेताना खालच्या अभिप्रायांत ‘पॅकिंग छान’ आणि ‘मुलगा खूश’ यापलीकडे काही सापडलं नव्हतं.

मी चाळीसगावला घरीच गणिताची शिकवणी घेते. मराठी माध्यम आणि सेमी, दोन्हीकडची मुलं येतात. एका बॅचला सहा, कारण हॉलमधल्या सतरंजीवर तेवढीच नीट मावतात. ‘बैजिक राशी व त्यांवरील क्रिया’ हा सातवीचा धडा आला की तोवर गणितात बरी चाललेली मुलंसुद्धा अडखळायला लागतात. आकडे होते तोपर्यंत उत्तर ‘येत’ होतं. आता उत्तर ३क्ष + २ असं अर्धवट दिसतं आणि ते तसंच ठेवायचं, हे त्यांना सहन होत नाही. (मुलं ‘एक्स’च म्हणतात, मी इथे क्ष लिहिते.)

झिपच्या पिशवीत ३५ तुकडे निघतात. मोठे निळे चौरस पाच, हिरव्या लांब पट्ट्या दहा, पिवळे लहान चौरस वीस. प्रत्येकाची मागची बाजू लाल. मोठा चौरस म्हणजे क्ष², पट्टी म्हणजे क्ष, लहान चौरस म्हणजे १. लाल बाजू वर आली की तेच पद ऋण. आमच्या मुलांनी पहिल्याच तासाला फरशी, पट्टी आणि दाणा अशी नावं ठेवली, तीच इथे वापरते.

आधी मुख्य तक्रार. दाण्याची बाजू २ सेंटिमीटर. पट्टी २ सेंटिमीटर रुंद आणि लांबी बरोबर १० सेंटिमीटर. म्हणजे पट्टीला लागून पाच दाणे ठेवले की काठाला काठ जुळतो. बनवणाऱ्याला हे सोयीचं गेलं असणार, शीटमधून कापताना काही वाया जात नाही. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सगळा खेळच यात बिघडतो. मुलांच्या हातात तुकडे दिल्यावर ती सगळ्यात आधी मोजमाप करतात, ते करायलाच हवं. एका मुलाने दाणे लावून पाहिले आणि जाहीर केलं, ‘मॅडम, एक्स म्हणजे पाच.’ त्यानंतर २क्ष + ३ चं उत्तर सगळी बॅच १३ सांगायला लागली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. समोरच्या वस्तूने त्यांना तेच सांगितलं होतं.

नीट विचार करून बनवलेल्या संचात पट्टीची लांबी मुद्दाम अशी ठेवतात की दाणे कितीही लावले तरी काठ जुळू नये. चार लावले तर पट्टी उरते, पाच लावले तर दाणा बाहेर येतो. मग ‘क्ष किती?’ या प्रश्नाला ‘या पट्टीएवढा’ हेच उत्तर उरतं. विकत घेण्याआधी तपासायची एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन. वर्णनात मापं दिलेली असतील तर पट्टीच्या लांबीला दाण्याच्या बाजूने भागा. पूर्ण संख्या आली तर दुसरा संच बघा.

फोमचा फायदा असा की तो कापता येतो. एका संचातल्या सगळ्या पट्ट्या मी स्टीलची फूटपट्टी आणि कटर घेऊन १० वरून ९.३ सेंटिमीटरवर आणल्या. फरश्याही दोन्ही बाजूंनी तेवढ्याच कापाव्या लागतात, नाहीतर फरशीची बाजू आणि पट्टीची लांबी यांचं नातं तुटतं आणि पुढे आयत जुळत नाही. पाच फरश्या, दहा पट्ट्या, पाऊण तासाचं काम. कडक प्लास्टिकचा संच असता तर हे जमलं नसतं.

दुसरा संच मात्र तसाच ठेवला. मोठ्या क्षचा आणि छोट्या क्षचा असे दोन संच घरात झाले, आणि वर्षातला सगळ्यात चांगला तास त्यातून मिळाला. तीन मुलांना कापलेला, तीन मुलांना न कापलेला. सांगितलं, २(क्ष + ३) मांडा. दोन्ही गटांनी एक पट्टी आणि तीन दाणे अशा दोन रांगा लावल्या. दोन्हीकडे मिळून २क्ष + ६. तुमची पट्टी लांब, त्यांची आखूड, तरी उत्तर तेच? तेच. मग सांगितलं, क्ष + ३ = ८ मांडून बघा. एकीकडे पट्टी आणि तीन दाणे, शेजारी आठ दाण्यांची रांग. न कापलेल्या संचात काठ जुळला. कापलेल्यात आठवा दाणा थोडा पुढे आला. यावरून सतरंजीवर जे भांडण झालं ते मी मुद्दाम बराच वेळ मिटवलं नाही. काही बरोबरी प्रत्येक क्षला लागू पडते, काही एखाद्याच क्षला. सूत्र आणि समीकरण यांतला हा फरक दहावीच्या मुलांनाही धड सांगता येत नाही. अर्थात याचं श्रेय विक्रेत्याला देणार नाही, त्याने पट्टी चुकीच्याच मापाची दिली आहे.

आता टाइल्स कुठे खरंच उपयोगी पडल्या ते. पहिलं म्हणजे सरूप पदं, अक्षरांचा भाग सारखा असलेली. ३अ + २ब = ५अब ही चूक पाहिली नाही असा गणिताचा शिक्षक महाराष्ट्रात सापडायचा नाही. त्यावरचा पारंपरिक उपाय म्हणजे ‘अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं, आंब्यांत बोरं मिळवता येतात का रे?’ मुलं माना हलवतात, त्या दिवसापुरतं भागतं. मला हा उपाय मुळीच आवडत नाही. पुढे अ गुणिले ब आलं की आंबा गुणिले बोर म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही. आणि अ म्हणजे आंबा नव्हेच, अ म्हणजे एका आंब्याची किंमत किंवा आंब्यांची संख्या. अक्षर एखाद्या संख्येची जागा धरून बसलेलं असतं, त्याला वस्तूचं नाव केलं की घोळ सुरू होतो. खात्री करायची असेल तर मुलांना सांगा, ‘एका शिक्षकामागे ३० मुलं आहेत, मुलांची संख्या म आणि शिक्षकांची श, संबंध लिहा.’ आंब्या-बोरांवर वाढलेली निम्मी मुलं ३०म = श लिहितात. तीस मुलं, एक शिक्षक, म्हणजे ३०म आणि श! खरा संबंध म = ३०श.

टाइल्समध्ये हा घोळ होत नाही, कारण प्रत्येक तुकडा क्षेत्रफळ आहे. पट्टीचं क्षेत्रफळ क्ष गुणिले १, दाण्याचं १ गुणिले १, फरशीचं क्ष गुणिले क्ष. तीन पट्ट्या आणि दोन दाणे समोर ठेवून ‘पाच काय?’ विचारलं की मुलांनाच हसू येतं. पाच तुकडे म्हणता येईल, पाच पट्ट्या नाही. ‘क्ष² आणि २क्ष एकच’ ही दुसरी जुनी चूक तर एका नजरेत संपली. एका हातात फरशी, दुसऱ्या हातात दोन पट्ट्या. बस.

दुसरं, लाल बाजू. ही या संचातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. एक हिरवी पट्टी आणि एक लाल पट्टी एकत्र आल्या की शून्य, जोडी उचलून बाजूला. बॅचमधल्या एका मुलीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. तिला हे सांगावंच लागलं नाही, ‘जमा आणि उधारी, मॅडम’ म्हणून तिने बाकीच्यांना समजावलं. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले तेही संपत्ती आणि कर्ज याच अर्थाचे शब्द घेऊन, त्यामुळे पोरगी योग्य परंपरेत आहे.

२क्ष मधून ५क्ष वजा करा. समोर दोनच हिरव्या पट्ट्या, पाच कुठून उचलणार? मग तीन शून्य-जोड्या आणून ठेवायच्या, म्हणजे तीन हिरव्या आणि तीन लाल. त्याने किंमत बदलत नाही. आता हिरव्या पाच झाल्या, त्या उचला. तीन लाल उरल्या, उत्तर वजा ३क्ष. ‘मोठ्यातून लहान वजा करून मोठ्याचं चिन्ह द्या’ हा मंत्र पाठ न करता उत्तर आलं.

आणि कंसाबाहेरचं वजा चिन्ह. (५क्ष + ३) – (२क्ष – ४) यात दर वर्षी निम्मी बॅच ३क्ष – १ लिहिते, कारण वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावून मुलं मोकळी होतात. टाइल्सवर मी एकच नियम ठेवला. वजा म्हणजे कंसातला प्रत्येक तुकडा उलटायचा. दोन हिरव्या पट्ट्या लाल झाल्या, चार लाल दाणे पिवळे झाले. हाताने चार दाणे उलटल्यावर ते विसरता येत नाहीत. उत्तर ३क्ष + ७. नंतर वहीत करताना एक मुलगा कंसाच्या वर पेन्सिलीने बारीक गोल बाण काढायचा, ‘उलटले’ अशी स्वतःसाठी खूण. मी त्याला थांबवलं नाही.

रंगांवरून एक विषयांतर. भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात पहिल्या अव्यक्ताला (म्हणजे किंमत माहीत नसलेल्या राशीला) ‘यावत्तावत्’ म्हटलंय आणि पुढच्या अव्यक्तांना रंगांची नावं आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. ऋण संख्येवर टिंब देत. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख सापडला आहे. पाटणादेवीला सहलीला जाऊन आलेल्या मुलांना हे ठाऊक नसतं. हिरव्या-निळ्या तुकड्यांनी बीजगणित करणं परदेशी फॅड आहे असं एका पालकांनी ऐकवलं, तेव्हा हे सांगितलं आणि ते गप्प झाले. (पूर्ण पटलं नसावं, पण फी वेळेवर येते.)

तिसरा उपयोग म्हणजे आयत. एक फरशी, पाच पट्ट्या, सहा दाणे द्यायचे आणि सांगायचं, सगळे तुकडे वापरून एकच भरीव आयत करा. आधी पट्ट्या सगळ्या एकाच बाजूला लावून बघतात, कोपरा भरत नाही. मग दोन इकडे, तीन तिकडे, आणि सहा दाणे कोपऱ्यात चपखल बसतात. बाजू मोजल्या की (क्ष + २) आणि (क्ष + ३). असे तीन पदांच्या राशीचे अवयव काढणं आठवीत येतं, पण सातवीच्या मुलांनी ते कोडं म्हणून सोडवलं आणि आपण पुढचं काही शिकतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. सातवीच्याच पुस्तकात पुढे वर्गविस्ताराची सूत्रं आहेत. (अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्याला बोलू नका, त्याला फक्त (क्ष + २)² चा चौरस पूर्ण करायला सांगा. एक फरशी आणि चार दाणे ठेवून तो थांबतो. दोन बाजूंना भोकं दिसतात, प्रत्येकात दोन पट्ट्या मावतील एवढी. विसरलेलं ४क्ष ते हेच.

इथे तुकड्यांची संख्या तोकडी पडते. एका संचात क्ष² + ५क्ष + ६ दोन मुलांना एकाच वेळी करता येतं: दहा पट्ट्या, बारा दाणे. पण क्ष² + ७क्ष + १२ घेतलं की एकालाच पुरतं, दुसरा बघत बसतो. पट्ट्या दहाऐवजी सोळा हव्या होत्या. फरश्या पाच दिल्या आहेत त्या तीन असत्या तरी चाललं असतं. सहा मुलांना दोन संच म्हणजे कसंबसं.

लाल बाजू गुणाकारात मी वापरत नाही. (क्ष – २)(क्ष + ३) मांडताना लाल क्षेत्रफळ, हिरवं क्षेत्रफळ, त्यावर ऋण गुणिले ऋण धन, असा प्रकार होतो. ऋण क्षेत्रफळ म्हणजे काय, असं एखाद्या हुशार मुलीने विचारलं तर सरळ उत्तर नाही. संचासोबतच्या पुस्तिकेत मात्र तोच भाग चार पानं आहे. पुस्तिका पूर्ण इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि बेरीज-वजाबाकी अर्ध्या पानात उरकलेली. मराठीत एक ओळ नाही. पुस्तिकेवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर पान उघडतच नाही. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं नाही.

किंमत घालून बघण्यासाठीही टाइल्स निरुपयोगी. क्ष = ३ असताना २क्ष म्हणजे २३ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात, आणि पट्टीची लांबी ठरलेली असल्याने ‘आता ही पट्टी ३ आहे असं समजा’ म्हणणं त्यांना फसवणूक वाटते. त्यासाठी मी काड्यापेट्या वापरते. दोन बंद पेट्यांत तीन-तीन काड्या, बाहेर एक सुटी काडी: २क्ष + १. उघडून मोजा, सात. मग दोन्ही पेट्यांत पाच-पाच भरा. काड्यांचाच दुसरा उपयोग आकृतिबंधांना. एकाला एक जोडलेले चौकोन काड्यांनी करत जायचं, पहिल्याला चार, पुढच्या प्रत्येकाला तीन. शंभर चौकोनांना किती लागतील ते मोजून कोणी करणार नाही, तिथे ३न + १ ची गरज मुलांना आपोआप वाटते. अक्षर कशासाठी हवं, हे टाइल्सपेक्षा काड्यांनी चांगलं कळतं. म्हणून मी सुरुवात काड्यांनी करते आणि टाइल्स बेरीज-वजाबाकीला काढते.

अपूर्णांक सहगुणक, क्षचा घन, तीन पदांचे लांबलचक गुणाकार, यातलं काही या संचात बसत नाही. आठवीला घनाची विस्तारसूत्रं आली की पिशवी कपाटात.

टिकाऊपणा ठीकठाक. पहिले काही दिवस फोमला उग्र वास येतो, गच्चीवर पसरून ठेवा. लाल थर चिकटवलेला आहे. घामेजल्या हातांनी एप्रिलमध्ये तीन दाण्यांची लाल बाजू सुटून आली, ती फेविकॉलने बसली. दाणे हरवतात, हे गृहीतच धरा. पंख्याच्या वाऱ्याने उडतात, हे मात्र मी गृहीत धरलं नव्हतं. मे महिन्यात पंखा बंद करून शिकवणं शक्य नाही, म्हणून खाली जुनी सुती चादर अंथरते, तिच्यावर जरा थांबतात.

एक सूचना, जी पुस्तिकेत असायला हवी होती. तुकडे हलवून उत्तर आलं की लगेच वहीत त्याच आकृत्या काढायला लावा, शेजारी राशी लिहायला लावा. नाहीतर मुलं टाइल्सवर पटापट आणि कागदावर शून्य, अशी स्थिती होते. दोन आठवड्यांनी तुकडे काढून घ्या आणि नुसत्या आकृत्या ठेवा, मग आकृत्याही सोडा. शाळेच्या परीक्षेत कोणी पिशवी नेऊ देत नाही.

घरी करता येतात का? येतात. क्राफ्टच्या दुकानात ए-फोर आकाराची फोम शीट पंधरा-वीस रुपयांना मिळते. तीन रंग आणि मागे लावायला लाल, असं पाठीला पाठ चिकटवून कापलं की दोनशेच्या आत संच होतो, पट्टीचं माप आपल्या मनाचं आणि पट्ट्याही हव्या तेवढ्या. एका संध्याकाळचं काम आहे. एकट्या मुलाच्या पालकांनी हेच करावं, मूल सोबत कापायला बसलं तर आणखी चांगलं. शाळेला किंवा क्लासला सात-आठ संच लागणार असतील तर विकतचे घ्या, पण सगळेच संच पाच दाण्यांच्या पट्टीचे ठेवू नका. निम्मे कापायची तयारी असेल तरच घ्या.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. पट्टीचं माप बरोबर असतं तर चार दिले असते, आणि मराठी पुस्तिका असती तर त्या एप्रिलमधल्या तीन दाण्यांकडे दुर्लक्षही केलं असतं.